काळी पात्रे, गोरे गळे

दलित साहित्याची चर्चा निघाली की अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याचा दाखला आपण हमखास देतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावापासूनच त्या लढ्याशी नाते सांगत. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणले. रिचर्ड राईट, लँग्स्टन ह्यूज, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा उच्चारली गेली आहेत की ती आपल्याच वस्तीतली वाटावीत. परंतु या लेखकांच्या समाजाभोवती ज्या प्रतिमांचा वेढा पडला होता, त्या प्रतिमा आपण क्वचितच तपासतो. आपण 'नकार' हा शब्द फार वापरतो. कशाला नकार, हेही नेमके सांगता आले पाहिजे. म्हणून या लेखात मी एका विनोदी रेडिओ मालिकेतील पात्रांविषयी लिहिणार आहे. मालिकेचे नाव 'अ‍ॅमॉस अँड अँडी'.

१९ मार्च १९२८ रोजी शिकागोच्या एका केंद्रावरून ही मालिका सुरू झाली आणि १९२९ च्या ऑगस्टपासून एनबीसी या कंपनीच्या जाळ्यातून ती देशभर ऐकू येऊ लागली. रोज पंधरा मिनिटे. पेप्सोडेंट या दंतमंजनाच्या कंपनीने तिचा खर्च उचलला होता. १९३०-३१ च्या सुमारास तिला चार कोटी श्रोते होते, असा अंदाज आहे. म्हणजे त्या देशातील दर तीन माणसांमागे एक. मालिकेच्या वेळी चित्रपटगृहे आपला खेळ थांबवून प्रेक्षकांना रेडिओ ऐकवीत. आज लोकांच्या डोळ्यांपुढे 'काळा माणूस' म्हणून जे चित्र उभे राहते, त्याचा मोठा भाग अशा पंधरा-पंधरा मिनिटांनी घडवला आहे.

कथानक साधे होते. अ‍ॅमॉस जोन्स आणि अँड्र्यू ब्राऊन हे जॉर्जियातले दोन काळे तरुण पोटासाठी उत्तरेला शिकागोला येतात, एक मोडकी मोटार घेऊन टॅक्सीचा धंदा काढतात आणि पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत जातात. गाव सोडून शहराकडे निघालेल्या लाखो काळ्यांची ही खरीखुरी गोष्ट होती. पण ती सांगणारे दोघेही गोरे होते. फ्रीमन गॉस्डेन हा व्हर्जिनियाचा. त्याचा बाप यादवी युद्धात गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या बाजूने लढलेला. चार्ल्स कॉरेल हा इलिनॉयचा. हे दोघे आधी गावोगाव हौशी मंडळींचे 'मिन्स्ट्रेल शो' बसवीत. मिन्स्ट्रेल शो म्हणजे जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून गोऱ्यांनी केलेली काळ्यांची नक्कल. अमेरिकेत हा करमणुकीचा धंदा १८३० च्या सुमारापासून चालत आला होता. त्यातल्याच एका सोंगाचे नाव 'जिम क्रो'. पुढे काळ्यांना वेगळ्या डब्यात, वेगळ्या शाळेत, वेगळ्या नळावर बसवणाऱ्या साऱ्या कायद्यांना लोकांनी हेच नाव दिले. सोंगाचे नाव कायद्याला मिळावे, ही गोष्ट समीक्षकाने क्षणभर थांबून पाहण्यासारखी आहे. करमणूक निरुपद्रवी असते असे मानणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

रेडिओवर काजळीही लागत नव्हती. गळा पुरे होता. पहिली काही वर्षे जवळजवळ सगळी पुरुषपात्रे हे दोघेच बोलत. अ‍ॅमॉस, किंगफिश आणि लाइटनिंग हे तिघे एकट्या गॉस्डेनच्या गळ्यातून निघत, अँडी कॉरेलच्या. ज्या वर्षांत हार्लेममध्ये काळे कवी, कथाकार, गायक आपले जगणे आपल्या शब्दांत मांडत होते, त्याच वर्षांत सारा देश हार्लेम ऐकत होता तो शिकागोच्या बंद खोलीत बसलेल्या दोन गोऱ्यांच्या तोंडून.

आता पात्रांकडे वळू. अ‍ॅमॉस कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, देवभोळा आहे. टॅक्सी तोच चालवतो. त्याला रूबी ही बायको आहे, आर्बाडेला ही मुलगी आहे. १९४० पासून नाताळच्या भागात तो मुलीला निजवताना ख्रिस्ती प्रार्थनेचा अर्थ समजावून सांगे, आणि तो प्रसंग वर्षानुवर्षे पुन्हा सादर होई. या मालिकेचे समर्थक नेहमी अ‍ॅमॉसकडे बोट दाखवतात आणि विचारतात, यात अपमान कुठे आहे? त्यांना मी उलट विचारीन की, या अ‍ॅमॉसचे पुढे काय झाले? १९४३ साली मालिका आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासाची झाली, समोर हसणारा प्रेक्षक आला, आणि अ‍ॅमॉस हळूहळू कडेला सरकला. नाव त्याचे, पण कथा किंगफिशची. कारण उघड आहे. घाम गाळणारा, शहाणा काळा माणूस हसवत नाही. जो हसवत नाही त्याचे या बाजारात काम नाही.

अँडी हा 'अध्यक्ष' आहे. कंपनीचे नाव 'फ्रेश एअर टॅक्सीकॅब कंपनी ऑफ अमेरिका'. ताजी हवा अशासाठी की मोटारीला टपच नाही. अँडी खुर्चीत बसून चिरूट ओढतो, हुकूम सोडतो, काम टाळतो, बायकांच्या मागे लागतो. १९३१ साली मॅडम क्वीन या बाईने लग्नाचे वचन मोडले म्हणून त्याच्यावर भरलेला खटला देशभर गाजला. किंगफिश म्हणजे जॉर्ज स्टीव्हन्स, 'मिस्टिक नाइट्स ऑफ द सी' या मंडळाचा प्रमुख. पदवी मोठी, खिसा रिकामा, सगळा वेळ अँडीला गंडवण्यात. लुईझियानाचा गोरा राजकारणी ह्यूई लाँग याने हीच पदवी टोपणनाव म्हणून मिरवली. गोऱ्याच्या अंगावर ती सत्ता म्हणून शोभली; काळ्याच्या अंगावर ती थट्टा होती. लाइटनिंग म्हणजे वीज. हा माणूस इतका मंद की नावच त्याची टिंगल करते. पुढे कॅल्हून नावाचा वकील आला. हा वकील कायद्याचे अज्ञान आणि भित्रेपणा यांचा पुतळा. तो हशे मिळवत होता त्याच काळात थरगुड मार्शल आणि त्यांचे सहकारी काळे वकील शाळांतील वर्णभेदाविरुद्ध न्यायालयात उभे होते, आणि १९५४ साली त्यांनी तो खटला जिंकला. देशाच्या कानात मात्र काळा वकील म्हणजे कॅल्हून.

स्त्रियांचे आणखी वेगळे. पहिल्या काही वर्षांत त्यांचे आवाज जवळजवळ नव्हतेच. त्यांच्याविषयी बोलले जाई. पुढे १९३९ पासून किंगफिशची बायको सफायर ठळक झाली. अर्नेस्टीन वेड ही काळी नटी ती भूमिका करी. सफायर नवऱ्याला रागावते, कारण नवरा कमावत नाही आणि खोटे बोलतो. तिचा राग न्याय्य आहे. पण मालिकेने त्या रागाचा कज्जेदलालपणा केला, आणि 'सफायर' हे तोंडाळ काळ्या बाईचे सामान्यनाम होऊन बसले. जी बाई घर चालवते तिच्याच संतापाला हसायचे, ही रीत आपल्याकडेही अनोळखी नाही.

या सर्वांना बांधणारे सूत्र भाषा हे आहे. कंपनी 'इन्कॉर्पोरेटेड' नसते, 'इन्कॉर्प्युलेटेड' असते. अँडीला किळस येते तेव्हा तो 'डिसगस्टेड' म्हणत नाही, 'रिगस्टेड' म्हणतो. मोठा शब्द यांच्या तोंडात आला की मोडतो, हा मालिकेचा ठरलेला हुकमी विनोद. वरवर तो निर्मळ वाटतो. पण त्याच्या पोटात एक सिद्धान्त आहे. कंपनी, न्यायालय, अध्यक्षपद, करार या गोष्टी या लोकांच्या नाहीत. ते त्यांना हात लावतील तर त्या फुटतील. जुन्या संस्कृत नाटकांत राजाने संस्कृत बोलायचे आणि सेवकाने प्राकृत, असा दंडक होता. तेथे निदान सेवकाची भाषा मोडकी मानलेली नव्हती. येथे काळ्याची बोली ही बोली नाहीच, ती गोऱ्याच्या भाषेतली चूक आहे, असे रोज पंधरा मिनिटे शिकवले जात होते.

आता मुख्य मुद्दा. ही पात्रे वाईट रंगवली म्हणून ती आक्षेपार्ह, असे मला वाटत नाही. आळशी, बढाईखोर, लबाड माणसे प्रत्येक समाजात असतात आणि साहित्याला त्यांचा हक्क आहे. प्रश्न असा आहे की, ही माणसे अशी का आहेत, याचे उत्तर मालिका कोठे ठेवते? या हार्लेममध्ये गोरा माणूस क्वचितच दिसतो. घरमालक, सावकार, मालक, मतदानापासून हाकलणारा अंमलदार, झाडाला टांगणारा जमाव यांची सावलीही तेथे पडत नाही. सत्ता वजा केली की दारिद्र्य हा स्वभाव ठरतो. गाडीला टप नाही, याचे कारण अँडी आळशी आहे. एवढेच. अत्याचार करणाऱ्याला चित्राबाहेर ठेवणे, हा अत्याचारावर पांघरूण घालण्याचा सर्वांत सभ्य मार्ग आहे.

एकदाच ही चौकट थोडी हलली. १९३१ च्या डिसेंबरात अ‍ॅमॉसवर खुनाचा आळ येतो आणि पोलीस त्याला धमकावत त्याची चौकशी करतात, असा प्रसंग मालिकेत आला. काळ्यांना जे ठाऊक होते ते प्रथमच देशाने ऐकले. लगेच पोलीस प्रमुखांच्या संघटनेने निषेध नोंदवला. लेखकांनी माघार घेतली. नाताळच्या आदल्या दिवशी अ‍ॅमॉस झोपेतून जागा झाला. ते सारे वाईट स्वप्न होते!

त्याच वर्षी आणखी एक निषेध झाला होता. 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्यांच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी मालिका बंद करावी म्हणून दहा लाख सह्यांची मोहीम काढली. सात लाखांवर सह्या जमल्या, असा पत्राचा दावा होता. परिणाम काय झाला? काहीही नाही. मोहीम थंडावली, मालिका चालू राहिली. पोलिसांचे एक पत्र आणि काळ्यांच्या लाखो सह्या. एकामुळे सत्य स्वप्न ठरले, दुसऱ्यामुळे खोट्याचा केसही हलला नाही. प्रतिमांचे राजकारण म्हणजे काय, असे विद्यार्थ्यांनी विचारले तर शिक्षकांनी हे एवढेच १९३१ चे वर्ष फळ्यावर मांडावे.

मात्र येथे एक अडचणीची गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. काळ्यांचे मत एक नव्हते. व्हॅन सह्या गोळा करीत होते त्याच उन्हाळ्यात 'शिकागो डिफेंडर' या काळ्यांच्याच दुसऱ्या मोठ्या पत्राने मुलांच्या मेळाव्याला गॉस्डेन आणि कॉरेल यांना पाहुणे म्हणून बोलावले, आणि हजारो काळ्या मुलांनी त्यांचे स्वागत केले. अनेक काळी घरे ही मालिका ऐकत आणि हसत. त्या हसण्याचे काय करायचे?

या प्रश्नावर मी तिऱ्हाईतासारखा बोलू शकत नाही. १९४० नंतरच्या भागांची ध्वनिमुद्रणे टिकून आहेत; त्यांतली काही मी ऐकली. किंगफिश अँडीला जाळ्यात ओढतो आणि शेवटी त्यात स्वतःच गुरफटतो. पहिल्या वेळी मी मोठ्याने हसलो. आणि हसता हसता मला माझ्या शाळेतले एक स्नेहसंमेलन आठवले. मी आठवीत होतो. वाड्यातला एक मुलगा तोंडाला काजळी फासून, काखेत काठी धरून रंगमंचावर आला आणि आमच्या वस्तीतल्या माणसाची नक्कल करू लागला. 'व्हय जी मायबाप' म्हणत तो वाकला की सभागृह कोसळे. तसे बोलणारी माणसे माझ्या घरात होती. पुढच्या रांगेतले गुरुजी डोळे पुसून हसत होते. मीही हसलो. आवडले म्हणून नाही. हसलो नसतो तर मी कोण ते शेजारच्यांना कळले असते. त्या रात्री घरी बाप बोलू लागला तेव्हा पहिल्यांदाच मला त्याच्या बोलण्याची लाज वाटली. त्या नाटुकल्याने माझा अपमान केला, एवढे म्हणणे पुरेसे नाही. त्याने माझ्या बापाचा आवाज माझ्या कानात बदलून टाकला.

म्हणून काळे श्रोते हसले, हा मालिकेच्या बाजूचा पुरावा होऊ शकत नाही. काही जण ओळखीचे माणूस भेटले म्हणून हसले असतील. आपल्याकडेही तमाशातल्या सोंगाड्याला आपण हसतोच. काही जण माझ्यासारखे धास्तीने हसले असतील. पण निषेध करणाऱ्यांच्या भूमिकेतही एक कच्चा दुवा होता. त्यांतल्या अनेकांचा सूर असा की, आम्ही सगळे असे नाही. आमच्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकवाले आहेत. ते खरेच होते. परंतु या युक्तिवादात टॅक्सीवाल्याची लाज दडलेली आहे. नोकरी लागलेला, वसाहतीत राहायला गेलेला आपला माणूस वस्तीतल्या बोलीपासून दूर सरकतो तेव्हा तोही हेच म्हणत असतो. प्रस्थापितांनी रंगवलेल्या चित्राला उत्तर म्हणून आपण आपल्यातलीच स्वच्छ कपड्यांची माणसे पुढे केली, तर चित्र रंगवण्याचा त्यांचा अधिकार आपण मान्य केल्यासारखे होते.

पुढे दूरचित्रवाणी आली आणि गळ्याला चेहरा लागला. १९५१ च्या जूनमध्ये सीबीएसने मालिका पडद्यावर आणली, या वेळी काळे नट घेऊन. अ‍ॅमॉस झाला अल्विन चाइल्ड्रेस, किंगफिश टिम मूर, अँडी स्पेन्सर विल्यम्स. विल्यम्स स्वतः चित्रपटदिग्दर्शक होता. पुढे त्याने सांगितलेली एक हकिगत मला या साऱ्या इतिहासाचे सार वाटते. अँडीने कसे बोलावे यावरून त्याचे गॉस्डेनशी भांडण झाले. गॉस्डेनचा आग्रह ठरलेल्या मोडक्या बोलीचा. विल्यम्सचे म्हणणे असे की, काळा माणूस कसा बोलतो हे मला कळायला हवे, मी जन्मभर तोच आहे. वीस-बावीस वर्षे काळ्याचा आवाज काढलेल्या गोऱ्याला खरा काळा माणूस नकलेची चुकीची नक्कल वाटू लागला होता!

याच महिन्यात अटलांटा येथील अधिवेशनात एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने मालिकेचा निषेध केला. १९५३ मध्ये ती थांबली. तरी जुने भाग १९६६ पर्यंत ठिकठिकाणी दाखवले जात होते. रेडिओवरचा अवतार १९६० पर्यंत टिकला. निषेध योग्यच होता. पण त्याची किंमत काळ्या नटांनीही मोजली, कारण तेवढे काम देणारा दुसरा कार्यक्रम नव्हता. उपाशी ठेवायचे आणि मग एकच ताट पुढे करायचे, तेही उष्टे. ते नाकारणाऱ्याला आणि स्वीकारणाऱ्याला एकमेकांशी भांडायला लावायचे. ही व्यवस्था आपल्या परिचयाची आहे.

त्याच काळातील आणखी दोन पात्रांशी तुलना केली तर मुद्दा स्पष्ट होईल. ब्यूला ही रेडिओवरची काळी मोलकरीण १९३९ साली मार्लिन हर्ट या गोऱ्या पुरुषाच्या गळ्यातून जन्मली. तो माइकपाशी पाठमोरा उभा राही आणि एकदम वळून बोले, तेव्हा प्रेक्षक किंचाळून हसत. म्हणजे विनोद बोलण्यात नव्हता, काळी बाई अस्तित्वातच नाही यात होता. हर्टच्या मृत्यूनंतर १९४७ मध्ये हॅटी मॅकडॅनियल या काळ्या नटीला ती भूमिका मिळाली. दुसरा रॉचेस्टर, जॅक बेनीच्या कार्यक्रमातला नोकर. १९३७ पासून एडी अँडरसन या काळ्या नटाचा खरखरीत, स्वतःचा आवाज त्याला होता. रॉचेस्टर नोकरच राहिला. आरंभी जुगार आणि दारूचे ठराविक विनोद त्याच्याही वाट्याला आले. महायुद्धानंतर ते वगळण्यात आले. पण चिक्कू आणि बढाईखोर होता तो मालक, आणि नोकर त्याला ओळखून होता. हसू वरच्या दिशेने जात होते. तेवढ्याने गुलामीचे नाते तुटत नाही, पण हशाची दिशा बदलते. आणि समीक्षकाने आधी हशाची दिशाच पाहावी.

खरा नकार मात्र रेडिओच्या बाहेर लिहिला गेला. १९४२ साली लँग्स्टन ह्यूज यांनी 'शिकागो डिफेंडर'मध्ये एक सदर सुरू केले. होय, गॉस्डेन-कॉरेलना बोलावणाऱ्या त्याच पत्रात. त्यातला जेसी सेंपल ऊर्फ सिंपल हा हार्लेमचाच आहे. कष्टकरी आहे, गुत्त्यात बसतो, बायकोच्या बोलण्याला भितो, बोली बोलतो आणि हसवतो. कागदावर मांडले तर तो अँडीचा शेजारी वाटेल. पण सिंपलच्या जगात गोरा माणूस आहे, घरभाडे आहे, पोलिसाचा दंडुका आहे. त्याचे अज्ञान त्याच्या डोळ्यांआड येत नाही. ह्यूज यांनी अँडीला उत्तर म्हणून डॉक्टर उभा केला नाही. त्यांनी त्याच माणसाला त्याचा गळा परत दिला. बाबूराव बागूलांनी १९६३ मध्ये आणि दया पवारांनी 'बलुतं'मधून १९७८ मध्ये मराठीत जे केले, त्याचे नाते मला या कृतीशी वाटते. वस्तीची भाषा तीच; तोंड मात्र वस्तीचे.

तेव्हा आजच्या कोणत्याही नाटकातले, चित्रपटातले, मालिकेतले आपले पात्र पाहताना ते चांगले की वाईट, हा प्रश्न मी शेवटी विचारतो. आधी विचारतो की, त्याचे शब्द कोणी लिहिले? त्याच्या दारिद्र्याचा धनी चित्रात आहे की पळाला? आणि त्याला हसून घरी गेल्यावर एखादे पोर आपल्या बापाचा आवाज आधीसारखा ऐकू शकेल का? माझा बाप आज नाही. त्याचे बोलणे मला पुन्हा जसेच्या तसे ऐकू यायला फार वर्षे लागली, आणि ते ऐकू आले ते आपल्याच लेखकांच्या पुस्तकांतून.